सिद्धांत मोजमापाच्या तराजूवर : डॉ. होमी भाभा आणि न्यूट्रिनोचा माग

औंढा नागनाथच्या ज्योतिर्लिंगामुळे राज्यभर ठाऊक असलेल्या औंढा तालुक्यातील दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहावयाची आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन भुजा असलेल्या या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले आणि त्याच वर्षी ११ मे रोजी दिल्लीहून त्याची पायाभरणी करण्यात आली. हळद आणि सोयाबीन यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्याचे नाव त्यामुळे जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या कानी पोहोचले. विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या सहकार्याने हा प्रकल्प उभारणारे खाते म्हणजे अणुऊर्जा विभाग. ३ ऑगस्ट १९५४ रोजी हा विभाग स्थापन झाला, तेव्हा हिंगोली हा हैदराबाद राज्यातील परभणी जिल्ह्याचा एक तालुका होता आणि विभागाचे पहिले सचिव होते डॉ. होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटले की अणुभट्टी आणि अणुबॉम्ब एवढेच सर्वसामान्य वाचकास आठवते. परंतु अणुऊर्जेच्या कारभारात गुरफटण्यापूर्वी ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या पिढीतील अव्वल दर्जाचे होते. सुंदर गणित मांडावयाचे आणि मग ते निसर्गाला मान्य आहे की नाही, हे मोजून पाहावयाचे, हा त्यांच्या कामाचा बाणा होता. पदार्थविज्ञानातील सर्वांत हुलकावणी देणारा कण, न्यूट्रिनो, त्यांच्या आयुष्याशी या वाटेने जोडला गेला. ती कहाणी मात्र फारशी सांगितली जात नाही.

केंब्रिजचा करार

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात उत्तम ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या आणि चित्रकलेचे वातावरण होते. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा शिक्षणाचा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यास गेले. परत येऊन त्यांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, ही घरच्यांची अपेक्षा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. अखेर वडिलांनी तोड काढली. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या अभ्यासाचा खर्चही ते उचलणार होते. १९३० मध्ये होमींनी पहिला वर्ग मिळविला आणि १९३२ मध्ये गणितातही तोच क्रम राखला.

ते केंब्रिजमध्ये होते त्याच काळात, डिसेंबर १९३० मध्ये, झुरिचच्या वोल्फगांग पाउली यांनी एका पत्राद्वारे विलक्षण सूचना केली. काही किरणोत्सारी अणूंच्या विघटनात ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. विद्युतभार नसलेला, जवळजवळ वजनशून्य असा एक अदृश्य कण ती ऊर्जा घेऊन निसटत असावा, असा पाउलींचा तर्क होता. पुढे रोमच्या एन्रिको फर्मी यांनी या कणावर आधारलेला सिद्धांत मांडला आणि त्यास न्यूट्रिनो हे नाव रूढ केले. सूर्याकडून येणारे सहा हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला आरपार जातात, आणि शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. तरुण भाभांनी प्रवासी शिष्यवृत्तीच्या बळावर झुरिचला पाउलींकडे आणि रोमला फर्मींकडेही काम केले. न्यूट्रिनोचे हे दोन्ही जनक त्यांना अशा रीतीने अगदी जवळून पाहावयास मिळाले. त्यांचे स्वतःचे लक्ष मात्र तेव्हा विश्वकिरणांकडे, म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर अखंड आदळणाऱ्या वेगवान कणांकडे लागले होते. १९३३ मध्ये याच विषयावर त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

१९३५ चे गणित

भाभांचे नाव ज्या गणिताने पाठ्यपुस्तकांत कायमचे कोरले गेले, ते १९३५ मध्ये झाले आणि १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांजवळ आले तर काय होते, हा त्यातील प्रश्न होता. एक शक्यता सरळ होती : दोघे एकमेकांना ओढतात आणि दिशा बदलून निघून जातात. दुसरी शक्यता चमत्कारिक होती. दोघे एकमेकांचा नाश करतात, क्षणभर केवळ ऊर्जा उरते आणि त्या ऊर्जेतून नवी जोडी जन्मास येते. बाहेरून पाहणाऱ्यास या दोहोंत फरक करता येत नाही. डिरॅक यांच्या सिद्धांतानुसार कण आणि प्रतिकण यांच्यात खोल सममिती असेल, तर दोन्ही शक्यता गणितात एकत्र धराव्या लागतात. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनशी संबंध नसलेला स्वतंत्र कण असेल, तर दुसरी शक्यता गळून पडते.

सममिती हा शब्द येथे नेहमीच्याच अर्थाने घ्यावा. ठिपक्यांची रांगोळी पाव वळसा फिरविली तरी जशीच्या तशी दिसते, तद्वत समीकरणात काही अदलाबदल केली तरी त्याचे रूप बदलत नाही, एवढाच त्याचा आशय. भाभांनी दोन्ही पर्यायांचे आकडे काढले आणि विशिष्ट कोनांत फेकल्या जाणाऱ्या कणांच्या संख्येत किती फरक पडेल, हे दाखविले. वाद शब्दांनी मिटणार नव्हता, कण मोजून मिटणार होता. पुढे प्रयोगांनी भाभांच्या सूत्राच्या बाजूने कौल दिला आणि या प्रक्रियेस भाभा प्रकीर्णन असे नाव पडले.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचे कोडे सोडविले. वातावरणात शिरलेला एक वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना जन्म देतो, त्यांतून नव्या जोड्या निघतात, आणि एकाचे अनेक होत जमिनीवर कणांचा पाऊस पडतो. हे गणित जमले, परंतु विश्वकिरणांचा एक भाग शिशाचे जाड थर भेदूनही पलीकडे जात होता आणि तो या हिशेबात बसेना. तो अधिक जड कणांचा असला पाहिजे, या निष्कर्षाकडे भाभा आले. असे अल्पायुषी कण वेगाने धावत असताना अधिक काळ जगलेले दिसतील आणि आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेची ती प्रत्यक्ष कसोटी ठरेल, हेही त्यांनी १९३८ मध्ये सुचविले. पुढील प्रयोगांत तसेच आढळले.

सुंदर समीकरण, निराळा निसर्ग

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध पेटल्याने येथेच राहिले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरण संशोधनाचा विभाग उभा केला. तोवर कागदावर काम करणारा हा सिद्धांती आता स्वतः उपकरणे जमवून मोजमापे घेऊ लागला. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

याच काळात त्यांनी एक महत्त्वाकांक्षी प्रयत्न केला. मूलकणांची समीकरणे एकेकटी न मांडता, पाच परिमाणांतील परिवलनाच्या सममितीतून ती सारीच एकदम मिळावीत, अशी ती योजना होती. हरीश-चंद्र हे पुढे थोर गणिती म्हणून गाजलेले तरुण संशोधक तेव्हा त्यांच्याबरोबर होते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही भाभा समीकरणे गणित म्हणून देखणी होती. निसर्गाने मात्र ती उचलली नाहीत. केंद्रकीय बल वाहणाऱ्या कणाचा फिरकी-अंक एक असावा, असे गृहीत धरून भाभांनी बरेच काम केले होते. १९४७ मध्ये पायॉन हा कण सापडला आणि त्याचा हा अंक शून्य ठरला. शिसे भेदून जाणारा विश्वकिरणांतील जड कण तर म्यूऑन निघाला. तो इलेक्ट्रॉनचाच थोरला भाऊ होता आणि केंद्रकीय बलाशी त्याचा संबंध नव्हता. भाभांच्या चरित्रकथांत हा भाग सहसा गाळला जातो. तो गाळण्यासारखा नाही, कारण सममितीवर उभारलेले गणित प्रयोगाने मोडते तेव्हा काय वाटते, हे भाभांनी स्वतः अनुभवले होते.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीस पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची मागणी केली. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोरला सुरू झाली आणि वर्षाअखेर मुंबईत, पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. पुढे गेटवेजवळचा जुना यॉट क्लब आणि १९६२ मध्ये कुलाब्याची समुद्राकाठची वास्तू, असा तिचा प्रवास झाला. त्यानंतरचा अणुऊर्जा आयोग, तुर्भे, ऑगस्ट १९५६ मधील अप्सरा अणुभट्टी हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. विज्ञानाचा पैसा आणि माणसे भाभांनी एका खात्याभोवती एकवटली आणि विद्यापीठे कोरडी राहिली, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो, आणि तो निराधार म्हणता येत नाही. परंतु त्याच एकवटलेल्या बळावर कोलारचा प्रयोग झाला, हेही खरे.

सोन्याच्या खाणीतील शांतता

कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. जमिनीखाली किती खोलवर म्यूऑन पोहोचतात, हे तेथे मोजावे, ही कल्पना भाभांची. १९५१ मध्ये बी. व्ही. श्रीकांतन हा त्यांचा तरुण सहकारी उपकरणे घेऊन खाणीत उतरला. पुढील दहा वर्षांत मोजणी खोल खोल होत गेली. तापलेला खडक, दमट हवा, पाळ्यांवर जाणारे खाणकामगार आणि त्यांच्याच पाळण्यातून खाली जाणारे संशोधक, असे तेथील काम होते. साठच्या दशकाच्या आरंभी सुमारे २,७६० मीटर खोलीवर उपकरणे लावण्यात आली. सुमारे दोन महिने वाट पाहूनही तेथे एकही म्यूऑन नोंदला गेला नाही.

दुसरा कोणी यास अपयश म्हणाला असता. मुंबईच्या गटाने त्यातून नेमका उलट अर्थ काढला. वरून येणारे म्यूऑन जेथे पोहोचतच नाहीत, तेथे एखादा म्यूऑन आडव्या दिशेने आलेला दिसला, तर तो भोवतालच्या खडकात न्यूट्रिनोनेच जन्मास घातलेला असणार! विश्वकिरण वातावरणावर आदळल्याने निर्माण होणारे न्यूट्रिनो सबंध पृथ्वी भेदून येतात, त्यामुळे त्यांना दिशेची अडचण नसते. टाटा संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ एकत्र आले. एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, रमणमूर्ती, मियाके, वुल्फेंडेल ही त्यातील प्रमुख नावे. सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, आडवे येणारे कण टिपता यावेत म्हणून उभ्या भिंतींसारखे शोधक लावले गेले आणि १९६५ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोची पहिली चिन्हे हाती आली. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गटही याच मागावर होता. त्यांची पहिली नोंद आधीची, तर कोलारच्या गटाचा निबंध काही दिवस आधी प्रसिद्ध झाला. दोन्ही निबंध ऑगस्ट १९६५ मधले. कोलारच्या निबंधावर भाभांचे नाव नाही. संस्थाप्रमुख म्हणून ते घालून घेणे त्यांना अवघड नव्हते.

त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस निघालेल्या भाभांचे कांचनजंगा हे एअर इंडियाचे बोइंग विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभा ५६ वर्षांचे होते आणि अविवाहित होते.

तीन न्यूट्रिनो, तीन कोन

न्यूट्रिनोचे प्रकार तीन : इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. प्रवासात एक प्रकार दुसऱ्यात बदलू शकतो, ही कल्पना ब्रूनो पाँटेकोर्व्हो यांनी १९५७ मध्ये मांडली आणि १९६२ मध्ये तीन जपानी शास्त्रज्ञांनी तिला मिश्रणाचे रूप दिले. प्रत्येक न्यूट्रिनो हा निरनिराळ्या वस्तुमानांच्या घटकांचे मिश्रण असतो आणि त्या मिश्रणाचे प्रमाण तीन कोनांनी सांगता येते. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने हा बदल निःसंशय दाखविला. त्यासाठी वापरलेले न्यूट्रिनो वातावरणातले, म्हणजे कोलारच्या खाणीत १९६५ मध्ये टिपले गेले त्याच जातीचे होते. या शोधास २०१५ चे नोबेल मिळाले.

कोन हाती येऊ लागताच सिद्धांतींना त्यात रांगोळी दिसू लागली. २००२ मध्ये हॅरिसन, पर्किन्स व स्कॉट यांनी एक सुबक आराखडा मांडला. पहिल्या कोनाशी निगडित प्रमाण एक तृतीयांश, दुसऱ्याचे निम्मे आणि तिसरा कोन चक्क शून्य. चार समभुज त्रिकोणांच्या घनाकृतीत जी सममिती असते, तीच न्यूट्रिनोंच्या मुळाशी असावी, असा विचार अर्नेस्ट मा आणि जी. राजशेखरन यांनी २००१ मध्येच पुढे आणला होता. राजशेखरन हे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ, आणि त्याआधी ते भाभांच्याच टाटा संस्थेत होते. मार्च २०१२ मध्ये चीनमधील दाया बे प्रयोगाने तिसरा कोन मोजला. तो शून्य नव्हता, साडेआठ ते नऊ अंशांचा होता. पाठोपाठ कोरियातील रेनो प्रयोगानेही तेच सांगितले. दहा वर्षे शेकडो निबंधांतून मिरविलेला सरळ साधा आराखडा मोडला.

सिद्धांतींनी मग सममिती अंशतः सोडून सुधारित आराखडे केले. त्यांची कसोटी अजून चालू आहे. पहिल्या कोनाचे प्रमाण एका सुधारित आराखड्यास ३४ टक्क्यांच्या आसपास हवे, तर दुसऱ्यास ३२ टक्क्यांच्या किंचित खाली. चीनमधील जुनो प्रयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या निष्कर्षांत ते ३१ टक्क्यांच्या जवळ आले. पहिल्या आराखड्याची त्यामुळे पंचाईत झाली, दुसरा तूर्त तग धरून आहे. १९४७ च्या पायॉनने भाभांच्या गणिताचे जे केले, त्याचीच ही नवी आवृत्ती.

न्यूट्रिनो तीनच कशावरून, हा प्रश्नही भाभांपाशी येऊन पोहोचतो. जिनिव्हाजवळच्या लेप या त्वरकात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविण्यात आल्या. त्यांतून जन्मणाऱ्या झेड कणाच्या अभ्यासातून न्यूट्रिनोंचे प्रकार मोजता आले. परंतु एकूण टकरी किती झाल्या, हे आधी अचूक कळावयास हवे. ते मोजण्यासाठी वापरण्यात आले भाभा प्रकीर्णन, म्हणजे १९३५ चे तेच गणित. उत्तर आले २.९८४. तीनास किंचित कमी. हा किंचितपणा काहींना खुपत होता, कारण त्यामागे एखादे अज्ञात मिश्रण दडलेले असण्याचीही शक्यता होती. २०१९-२० मध्ये हिशेब पुन्हा तपासला गेला. प्रकीर्णन पावलेल्या कणांना समोरून येणाऱ्या कणपुंजक्याचे विद्युतचुंबकीय क्षेत्र थोडे आत ओढते, त्यामुळे त्यांतील काही मोजणीतून निसटले होते, असे लक्षात आले. दुरुस्तीनंतर आकडा झाला २.९९६.

कोलारचे भूगर्भातील प्रयोग नव्वदच्या दशकारंभी थांबले आणि २००१ मध्ये खाणीच बंद झाल्या. ज्या क्षेत्रात भारत सर्वांत पुढे होता, तेथील त्याची प्रयोगशाळा अशी हातची गेली. तिची जागा घेण्यासाठी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याचे ठरले. जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरीही मिळाली. परंतु परवानग्या, स्थानिकांचा विरोध आणि न्यायालयीन वाद यांत तो रुतला. दरम्यान तिसरा कोन चीनने मोजला.

दुधाळ्याची वेधशाळा न्यूट्रिनो टिपणार नाही, तिचे काम निराळे आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले तर आकाशात ते नेमके कोठे घडले, हे हिंगोलीच्या साहाय्याने अधिक अचूक सांगता येईल आणि जगभरचे न्यूट्रिनो शोधक त्या दिशेच्या नोंदी तपासू शकतील. ऑगस्ट २०१७ मध्ये टिपलेल्या अशा टकरीनंतर त्यांनी तसा शोध घेतलाही होता, पण त्या वेळी न्यूट्रिनो हाती लागले नाहीत. भाभा प्रकीर्णनाची मोजणी मात्र थांबलेली नाही. जपानमधील त्सुकुबा येथे बेल-२ प्रयोगात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी किती झाल्या, हे त्याच सूत्राने ठरविले जाते, आणि त्या शोधकयंत्राचा एक थर कुलाब्याच्या टाटा संस्थेतील संशोधकांनी तयार केला आहे.